ऐनाच्या लाकडाचा गुटका

आमच्या जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेच्या कचरा डेपोत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर कामगारांसाठी सात सूचना रंगवलेल्या दिसतात. डबा ओढू नये, ढकलावा. हलवण्याआधी झाकण उघडून आत पाहावे. उताराच्या बाजूला कोणी उभे राहू नये. हुकूम देणारा एकच असावा. डबा सुटला तर धरू नये, जाऊ द्यावा. या पाच सूचना माझ्या आहेत. उरलेल्या दोन स्वच्छतेबद्दल आहेत आणि त्या कोणीही लिहू शकतो. सगळ्यात खाली 'आदेशावरून' असं लिहून स्वच्छता निरीक्षक साहेबांचा हुद्दा टाकला आहे. त्या कार्यालयात माझं नाव एकाच कागदावर सापडेल. ज्यांना पुन्हा काम देऊ नये अशा ठेकेदारांच्या यादीत.

शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर साहेब नोटीस पाठवतील आणि मी उत्तर देईन, आणि माझ्या उत्तराची भाषा छापण्यासारखी नसते.

मी राजुरा तालुक्यातला. शाळा सातवीपर्यंत. मग कोळशाच्या सायडिंगवर हमाली केली, नंतर हमालांचा मुकादम झालो, नंतर कचरा उचलण्याचे ठेके घेऊ लागलो. बोलण्यात मला कोणी हरवलेलं नाही. लोक समोर 'प्रभाकरभाऊ' म्हणतात, पाठीमागे 'भांडकुदळ' म्हणतात आणि दोन्ही खरं आहे. आवाज न चढवता मिळालेली वस्तू मला आजही चोरीची वाटते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कचरा म्हणजे कागद, साली, पिशव्या. वाऱ्यावर उडणारी चीज. त्यांनी एकदा आमचा डबा हलवून पाहावा. डबा म्हणजे चार चाकांची लोखंडी पेटी, माणसाच्या छातीएवढी उंच. रिकामी असतानाच ती दोघांना आवरत नाही. तिची चाकं बनवणाऱ्यानं गुळगुळीत फरशी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. आमच्याकडे मुरूम, गटाराची झाकणं, आणि एकानं बांधलेल्या सिमेंट रस्त्यावर दुसऱ्यानं पाइपासाठी मारलेली चर. आमच्या भागात अजून बऱ्याच घरी कोळशाची शेगडी पेटते. तिची राख डब्यात येते. कोरडी राख हलकी असते, पण पावसाचं पाणी पिऊन ती अशी बसते की डब्यात कचरा आहे की ओटा बांधला आहे हे कळत नाही. डबा उचलणारा ट्रक गल्लीत शिरत नाही. म्हणून डबाच ट्रकपर्यंत न्यावा लागतो. चाळीस पावलं, कधी साठ. आमच्या धंद्यातली बोटं, टाचा, कंबर, सगळं या साठ पावलांत जातं.

नवा माणूस डबा ओढतो. बैलगाडीची सवय. ओढला की डबा टाचेवर येतो, आणि मागे भिंत असली की माणूस मध्ये. ढकलताना निदान सोडून देता येतं. 'सोडून द्या' हे शिकवणं मला सगळ्यात कठीण गेलं. गरीब माणूस पडणारी वस्तू धरतो. वस्तू मोडली तर बोलणी आपल्याला बसतील हे तो लहानपणापासून शिकलेला असतो. मी माणसांना सांगायचो, डबा मोडला तर मी भांडून दुसरा आणीन, तुमची कंबर कोणत्या साहेबाकडून आणू?

झाकण उघडून पाहायची सूचना एका निवृत्त फोरमनमुळे झाली. त्यांच्या घरासमोरच्या डब्याचं एक चाक दर आठवड्याला वाकायचं. एकदा मी स्वतः आत हात घातला, तर पालापाचोळ्याखाली दगडी पाटा, त्याखाली फरशीचे तुकडे. फोरमनसाहेब घराची मोडतोड थोडी थोडी करून आमच्या माथी मारत होते. मी माणसांकडून तो सगळा माल त्यांच्या फाटकात, त्यांच्या स्कूटरपुढे, नीट रचून ठेवला. ते ओरडत बाहेर आले, मीही ओरडलो. शेवटी त्यांनीच एक सायकल रिक्षा लावून तो माल हलवला आणि जाताना मला म्हणाले, "तुमी ठेकेदार नाई, सासू हाये." हे मी कौतुक समजतो.

पण हे सगळं लिहायला मी बसलेलो नाही. मला एका गुटक्याबद्दल लिहायचं आहे आणि मी उगाच लांबण लावतो आहे.

गुटका म्हणजे तिरपा कापलेला लाकडाचा तुकडा. आमचा ऐनाच्या लाकडाचा होता, वीतभर उंच, मागे दोरीची मूठ. उतारावर डबा नेताना एक माणूस गुटका घेऊन चाकाच्या बाजूनं चालतो. दोघं वरून दोरानं डबा रोखून धरतात, एक जण बाजूनं दिशा देतो, मुकादम पुढे लांब उभा राहून हुकूम देतो. दर आठ-दहा पावलांनी तो 'गुटका' म्हणतो, की गुटकेवाल्यानं तो खालच्या चाकापुढे सरकवायचा. डबा थांबतो, माणसं श्वास घेतात, हात बदलतात. पाच जणांत गुटकेवाल्याचं काम सगळ्यात हलकं दिसतं. त्याला घाम येत नाही. पण दोर धरणाऱ्याचा पाय घसरला तर मध्ये उभा असतो तो गुटकाच.

माझ्या त्या टोळीचे मुकादम शामराव. शहराला लागून असलेल्या गावचे, धानाची थोडी शेती, साठीला आलेले. आवाज असा की गल्लीच्या टोकाला म्हैस थांबावी. टोळीत त्यांचा मुलगा मारुती आणि दोन पुतणे. चौघंच. नगरपरिषदेनं मंजुरीच चार माणसांची दिली होती, म्हणून उतारावरही गुटका शामरावच टाकायचे आणि हुकूमही तेच द्यायचे. हे चूक होतं. मी पाचव्या माणसासाठी साहेबांच्या टेबलापुढे पावसाळाभर चकरा मारल्या.

साहेब म्हणाले, "अहो, लाकडाचा तुकडा धरायला एक माणूस? उद्या झाडू टेकवायला एक मागाल."

मी म्हटलं, "साहेब, तुमची जीप उभी असते तवा हँडब्रेक काहाले लावता? उभीच तं हाये."

ते हसले नाहीत. त्याच वेळी माझी दुसरी मागणी टेबलावर होती. माणसांना पुढून लोखंडी टोपी असलेले बूट. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, माणूस घ्या किंवा बूट घ्या, दोन्ही वरून मंजूर होणार नाही. आणि बुटांचं आपण नंतर पाहू, तो कागद सध्या मागे घ्या.

मी घरी जाऊन विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी तिथंच ठरवलं. कारण दोन दिवस आधी शामराव माझ्याकडे येऊन बसले होते. त्यांचा जावई देविदास देसाईगंजकडे भाताच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि तो बायकोला घेऊन सासऱ्याकडे राहायला आला. शामराव म्हणाले, "भाऊ, जावई घरी बसून हाये. पोरगी काही म्हणत नाई, पण त्याले ताट वाढताना मान खाली घालते. काही पाहा ना."

मी बुटांचा कागद मागे घेतला आणि पाचवा माणूस मिळवला. बाहेर येऊन शामरावांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी साहेबांना हरवलं.

देविदास कामाला लागला. अबोल, सडपातळ, जरा लाजरा. मी त्याला दोन दिवस मोकळ्या डब्यावर शिकवलं. गुटका कसा सरकवायचा, हात कुठे ठेवायचा, चाकाच्या समोर कधीच जायचं नाही. त्यानं एकदाही चूक केली नाही. चूक बाकीचे करत होते आणि मला ती चूक वाटत नव्हती. आमच्याकडे जावयाला कामाला लावणं हेच मुळात अवघड. पुतण्यांपैकी कोणी चुकलं की शामराव त्यांच्या आईपर्यंत जायचे, जावयाला नुसतं 'बापू' म्हणायचे आणि गप्प व्हायचे. दुपारी भाकरी सोडली की पहिला कांदा बापूला. चिखल असला तर मारुती पुढे होऊन बापूसाठी वीट टाकायचा. त्याला गुटक्याचं काम दिलं तेही मी ठरवलं म्हणून नाही, ते हलकं म्हणून. त्याच्या जागी पुतण्याला ठेवा असं मी म्हटलं असतं तर टोळीनं ऐकलं असतं, पण महिनाभर तोंडं वाकडी राहिली असती. मला शांत टोळी हवी होती. चालू दिलं.

मग अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला या महिन्यात घरी बोलावून धोंडे, अनारसे करून वाढायचे, त्याला देवासारखं मानायचं. त्या वर्षी तो भर पावसात आला होता. शामरावांच्या घरी देविदासचं जेवण आदल्या दिवशी झालं होतं.

टेकडी वॉर्डातला डबा न्यायचा होता. सिमेंटचा उतार, वर शेवाळ, आणि खाली वळणावर सार्वजनिक नळ. डब्यात भिजलेली राख गच्च. गल्लीत शामरावांच्या साळीचं, म्हणजे मारुतीच्या मावशीचं घर. ती आणि आणखी तीन-चार बाया भांडी घेऊन नळाकडे निघाल्या होत्या. देविदासच्या हातात तो काळा पडलेला, राखेनं माखलेला गुटका पाहून मावशी थांबली.

"काऊन रे मारुती, धोंड्याचा महिना चालू हाये अन् जावयाच्या हातात कचऱ्याचं लाकूड? कालचे अनारसे खोटे होते का?"

बाया हसल्या. देविदासनं मान खाली घातली. मारुतीचे कान लाल झाले. तो पुढे झाला, "द्या बापू इकडे. मोकळे चाला," म्हणाला आणि गुटका त्यानं काढून घेतला. पण मारुतीला दोर धरायचा होता, दोन्ही हातांनी. त्यानं गुटका मावशीच्या घराच्या ओट्यावर ठेवला. चाळीस पावलं तर जायचं होतं. बाया हसत नळाकडे उतरल्या. शामराव पुढे खाली उभे होते, पाठमोरे, नळावरच्या बायांना बाजूला व्हायला सांगत. त्यांना यातलं काही दिसलं नाही. मी त्या वेळी कुठे होतो ते पुढे सांगतो.

डबा निघाला. दहा-बारा पावलं उतरल्यावर शामरावांनी हुकूम दिला, 'गुटका'. देविदास खाली वाकला आणि त्याचे हात रिकामे होते. त्यानं मागे ओट्याकडे पाहिलं. तेवढ्यात शेवाळावर एका पुतण्याचा पाय गेला, दोर मारुतीच्या एकट्याच्या हातात आला आणि सुटला. डबा सुटला तर जाऊ द्यावा, ही सूचना देविदासला पाठ होती. पण खाली नळावर बाया होत्या, घागरी भरत. त्यांतल्या एकीच्या कडेवर पोर होतं. देविदासनं गुटक्याच्या जागी पाय घातला.

डबा थांबला. गुटका थांबवतो तसाच थांबला. त्याच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती.

चंद्रपूरला दवाखान्यात उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागला. नळावरची एकही बाई जखमी झाली नाही. मावशीची घागर मात्र हातातून पडून चेपली, आणि ती बाई आजही त्याच चेपलेल्या घागरीनं पाणी भरते.

नगरपरिषदेनं चौकशी लावली. तीन जणांची समिती, त्यात एक खुद्द स्वच्छता निरीक्षक साहेब. बुटांचा कागद ज्यांनी मला मागे घ्यायला लावला तेच. देविदासचा जबाब दवाखान्यात जाऊन आधीच घेतला होता. त्या वेळी एक बोलणं चाललं होतं की त्याला डेपोच्या फाटकावर बसून करायचं काम द्यावं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायचं. त्याच्यासाठी आणि त्याच्या बायकोसाठी, सुनंदासाठी, सगळं त्या फाटकावर टांगलेलं होतं. अर्ध्या पायाच्या माणसाला दुसरं काम कोण देणार?

मला आणि शामरावांना एकत्र आत बोलावलं. साहेबांनी देविदासचा जबाब वाचून दाखवला. 'गुटका मला दिला होता. मीच तो ओट्यावर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. चूक माझी.' एवढाच. तो तसाच राहू दिला असता तर माझं काही बिघडत नव्हतं. पण साहेबांनी कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "म्हणजे गुटका कशासाठी असतो, हेच तुमच्या माणसाला माहीत नव्हतं. तुम्ही शिकवलंच नाही."

लोक मला चोर म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण काम येत नाही म्हटलेलं मला सहन होत नाही. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "शिकवलं नाही? त्याच्या हातातून त्याच्या साळ्यानं गुटका काढून घेतला. मारुतीनं. बाया हसल्या म्हणून. लिहा."

साहेबांनी लिहिलं. शामराव माझ्या शेजारी उभे होते. त्यांना हे तिथं, त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. ते भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. शिपाई पाणी आणायला गेला.

अहवाल आला. कामगारांचा परस्पर निष्काळजीपणा. जखमी कामगाराचा जबाब खोटा. ठेकेदारानं सुरक्षा बूट पुरवले नाहीत, सबब ठेका रद्द. ज्यासाठी मी मारुतीचं नाव घेतलं त्या शिकवण्याबद्दल एक ओळ नाही. बुटांबद्दल मी ओरडलो, पण मागे घेतलेल्या कागदाचा पुरावा काय दाखवणार? खोटा जबाब देणाऱ्याला फाटकावर बसवता येत नाही, असं सांगून देविदासचं कामही गेलं. त्यानंतर वर्षभरानं भिंतीवर माझ्या सूचना रंगवल्या गेल्या. हा राग माझ्या पोटात आहे आणि तो मी घेऊनच जाणार आहे.

पण शामरावांच्या घरात जे झालं त्याला साहेब जबाबदार नाहीत. चार दिवस शामराव मुलाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "बहिणीच्या संसारात तूच विस्तव टाकला." मारुतीनं ताट सरकवलं आणि घर सोडलं. राखीला तो घरी आला नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या माणसांबरोबर तो गोदावरीच्या पलीकडे गेला, मग मिरची तोडायला राहिला. टोळी परत आली, तो आला नाही. फोन घ्यायचा नाही. सुनंदा दर महिन्याला लावून पाहायची.

मी दुसऱ्याच्या नावावर लहान कामं घेऊ लागलो. माजरीकडच्या एका वसाहतीत डबे होते. तिथं मी पहिलं काम काय केलं, तर गुटका साखळीनं डब्यालाच जोडून टाकला, उताराच्या चाकाजवळ. कोणी कोणाच्या हातातून घेऊ शकणार नाही. मला नव्या माणसांना शिकवायला कोणी हवं होतं. देविदासइतकं ते कोण शिकवणार? मी त्याच्या घरी गेलो. तो दारात बसून बांबूच्या टोपल्या विणत होता. मी कामाचं सांगितलं. त्यानं सुनंदाकडे पाहिलं.

सुनंदा म्हणाली, "तुमी काम नका देऊ भाऊ. मारुतीले आणून द्या. मंग पाहू."

मी नेहमीप्रमाणे बोलायला लागलो. आधी काम सुरू करू दे, मारुतीचंही पाहतो, दोन्ही होईल. ती ऐकत उभी राहिली आणि मी थांबल्यावर परत तेच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलणी न करता उठलो.

यंदा मिरचीच्या हंगामात मी गाडी काढली. आलापल्लीपर्यंत ठीक, पुढे सिरोंचाचा रस्ता म्हणजे खड्डे मोजत जाणं. सागाच्या जंगलात तासन् तास माणूस दिसत नाही. पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर तिखटानं डोळे चुरचुरायला लागले. मारुती एका मिरचीच्या अड्ड्यावर सापडला, पोती थप्पीला लावत होता. वाळला होता. तोंडाला फडकं बांधलेलं. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही.

मी म्हटलं, "चाल घरी. बहीण वाट पाहून राह्यली."

"तिनं बोलावलं का तुमी आले?"

"दोन्ही."

त्यानं पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. दाभण जाड होता, हात सवयीचे. मी म्हटलं, "तुझ्या बाबाले मी समजावतो. रागात बोलला म्हातारा." तो शिवत राहिला. मग फडकं खाली करून म्हणाला, "भाऊ, मी बापूच्या हातचा गुटका घेतला तवा तुमी तिथीच होते. मावशीच्या ओट्यापाशी. तुमी काय म्हणले, आठवते का?"

मला आठवत होतं. मी ओट्यापाशी चहाचा कप घेऊन उभा होतो. मावशीनं टोमणा मारला, बाया हसल्या, मीही हसलो. आणि मारुतीनं गुटका ओट्यावर ठेवला तेव्हा मी म्हणालो होतो, "बरोबर हाये. या महिन्यात जावई म्हणजे देव. देवाच्या हातात शंख पायजे, लाकूड काहाले?" बाया आणखी हसल्या. पाच सूचना लिहिणारा, पावसाळाभर पाचव्या माणसासाठी भांडणारा माणूस, कप हातात घेऊन. एक शब्द बोललो असतो तर पुरत होतं. मारुतीनं ठेकेदाराच्या डोळ्यांदेखत गुटका ठेवला आणि ठेकेदार हसला. मग त्यानं काय समजायचं?

"ते सांगितलं का तुमी साहेबाले?"

"नाई."

"बाबाले?"

"नाई."

"बापूले?"

 त्यानं दाभण पोत्यात खोचून ठेवला. म्हणाला, "चारचौघांत माझं नाव घेतलं तुमी. चौघांत तुमचं बी घ्या. मंग मी येतो."

मी म्हटलं, आत्ता फोन लावतो, आत्ता बाबाला सांगतो. तो म्हणाला, फोनवर नाही. मी म्हटलं, बरं, तू गाडीत बस, घरी पोचलो की तुझ्यासमोर सांगतो. त्यानं मान आडवी हलवली. मी बरंच बोललो. तासभर बोललो असेन. त्यानं एकदाही आवाज चढवला नाही, एक पाऊलही मागे हटला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता.

परत आलो तेव्हा सुनंदा दारात होती. तिनं गाडीत माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि आत गेली. मी तिला निघताना फोन केला होता की मी तिकडे चाललो आहे. तिनं गोळाभात केला होता, मारुतीला आवडतो म्हणून. देविदास आणि शामराव बसलेले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चहाचा कप, हसणं, शंखाचं बोलणं, सगळं.

शामराव उठून बाहेर गेले. अंगणात त्यांचं खाकरणं ऐकू येत राहिलं.

देविदास बराच वेळ पायावरचं पांघरूण नीट करत होता. मग म्हणाला, "मले मालूम होतं भाऊ. तुमी हसले ते मी पाह्यलं. म्हणून तं म्हणलो ना साहेबाले, गुटका मीच ठेवला. मारुतीचं नाव आलं असतं तं तुमचं बी आलं असतं. दोघं बी गेले असते, मंग मले काम कोण देईल?"

 दवाखान्याच्या खाटेवर, अर्धा पाय गेलेला असताना, या माणसानं सगळ्यांचा हिशोब लावून एक खोटं बोलून ठेवलं होतं, आणि ते पुरलं असतं. मी टेबलावर हात आपटला नसता तर.

सुनंदानं माझ्यापुढे ताट ठेवलं. "जेवा. त्याच्यासाठी रांधलं होतं." नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी जेवलो.

घरातले तिघं म्हणजे चारचौघं नव्हेत, हे मला कळतं. नगरपरिषदेकडे मी अर्ज दिला की माझा जबाब अपुरा होता, पुरा लिहून घ्या. प्रकरण बंद झालं आहे असं उत्तर आलं. तेवढ्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहून मागितले. त्यांना बहुतेक फोरमनसाहेबांच्या पाट्यासारख्या गोष्टी हव्या होत्या. त्यांची मी माफी मागतो. देविदास, सुनंदा आणि शामराव यांना विचारून त्यांची नावं लिहिली आहेत. शामराव म्हणाले, माझं लिहा, पण विस्तवाचं बोललो ते बी लिहा. तेही लिहिलं.

अंक छापून आला की एक प्रत घेऊन मी पुन्हा पुलापलीकडे जाणार आहे. मारुतीला वाचता येतं.